खासदार संसदेत नक्की काय करतो ते घरबसल्या कसं तपासायचं, मुंबईकरांसाठी सगळं सविस्तर

खासदाराबद्दल आपल्यापर्यंत दोनच तऱ्हेची माहिती पोचते. एक म्हणजे त्यांच्याच पेजवरचं रील, खाली "संसदेत गर्जना" वगैरे लिहिलेलं, आणि दुसरी म्हणजे समोरच्या पार्टीने फिरवलेली पोस्ट, त्यात हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, संपलं. सोसायटीच्या ग्रुपवर मग दोन्ही बाजूंनी भांडण होतं पण खासदाराने कुठल्या विधेयकावर कुठलं बटण दाबलं, रेल्वेमंत्र्यांना काय विचारलं आणि त्याचं उत्तर काय आलं हे कोणालाच माहीत नसतं. हे सगळं लोकसभेच्या साईटवर फुकट पडलेलं आहे, लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, फक्त कुठे बघायचं आणि बघितलेलं कसं वाचायचं ते कळायला पाहिजे. तेवढ्यासाठी हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडे खासदाराच्या मतदानावरून मुख्यतः त्याचा पक्ष कळतो. खासदार स्वतः कसा आहे हे कळतं ते त्याच्या प्रश्नांवरून, भाषणांवरून आणि समितीतल्या कामावरून. त्यामुळे मतदान बघायचंच, पण सगळा वेळ त्यात घालवायचा नाही.

आधी आपला खासदार कोण ते पक्कं करा

हे सोपं वाटतं पण मुंबईत बरेच लोक इथेच चुकतात. मुंबईत लोकसभेचे सहा मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकात विधानसभेचे सहा, असे छत्तीस. आता चेंबूर आणि अणुशक्तीनगर नकाशावर पूर्व उपनगरात आहेत म्हणून लोक ईशान्य मुंबईच्या खासदाराला टॅग करत बसतात, पण हे दोन्ही दक्षिण मध्य मुंबईत येतात, धारावी, माहीम, वडाळा, सायन कोळीवाड्याबरोबर. कुर्ला उत्तर मध्यमध्ये आहे, आणि विलेपार्लेसुद्धा. वरळी दक्षिणमध्ये. शंका असेल तर मतदार ओळखपत्राचा नंबर निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर टाका, लोकसभा आणि विधानसभा दोन्ही मतदारसंघ दिसतात.

२०२४ ला निवडून आलेले असे: उत्तर मुंबई पीयूष गोयल, उत्तर पश्चिम रवींद्र वायकर (हेच ते ४८ मतांनी जिंकलेले), ईशान्य संजय दिना पाटील, उत्तर मध्य वर्षा गायकवाड, दक्षिण मध्य अनिल देसाई, दक्षिण मुंबई अरविंद सावंत. याशिवाय राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ खासदार असतात, त्यांना आमदार निवडून देतात, आपण नाही, पण काम त्यांचंही याच पद्धतीने बघता येतं.

बोरिवली, कांदिवली, दहिसरवाल्यांनी एक लक्षात ठेवा. तुमचे खासदार केंद्रात मंत्री आहेत. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो, आणि त्याला हजेरी लावावी लागत नाही. त्यामुळे मंत्री असलेल्या खासदारापुढे प्रश्न शून्य दिसले म्हणून तो गप्प बसलाय असा अर्थ होत नाही, तिथे तपासायचं ते हे की त्यांच्या खात्याने दिलेली उत्तरं कशी आहेत आणि त्यांनी आणलेली विधेयकं कोणती. पक्ष कुठलाही असो, हा नियम सगळ्या मंत्र्यांना लावा.

दोन साईट, एवढ्या पुरतात

पहिली संसद डॉट इन, ही लोकसभा आणि राज्यसभा दोघांची सरकारी साईट. लोकसभेत जा, सदस्यांच्या यादीत नाव शोधा, त्या खासदाराच्या पानावर त्याचे प्रश्न, चर्चेतला भाग, खासगी विधेयकं (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेली), समित्या अशी सगळी वेगवेगळी सदरं मिळतात. साईट कधी कधी हळू चालते, अधिवेशन चालू असताना तर जास्तच, त्यामुळे हवी ती पीडीएफ सापडली की लगेच डाऊनलोड करून ठेवा.

दुसरी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च, ही दिल्लीतली संस्था आहे, २००५ पासून काम करते, पक्षाशी संबंध नाही. तिच्या साईटवर एमपी ट्रॅक म्हणून भाग आहे, त्यात प्रत्येक खासदाराची हजेरी, चर्चा, प्रश्न, खासगी विधेयकं आणि शेजारी देशाची आणि राज्याची सरासरी. सुरुवात इथून करायला हरकत नाही कारण सगळं एका नजरेत दिसतं. पण इथेच थांबायचं नाही. पीआरएसच्या पानावर खाली यादी असते, कुठल्या तारखेला कुठल्या विषयावर बोलले, कुठल्या खात्याला काय विचारलं, ती यादी म्हणजे तुमचा पत्ता, आणि त्या पत्त्यावर जाऊन मूळ कागद बघायचा तो संसद डॉट इनवर.

हजेरीवरून किती कळतं

थोडंच कळतं. हजेरी म्हणजे खासदार त्या दिवशी आला आणि त्याची नोंद झाली. आधी रजिस्टरवर सही असायची, मग लॉबीत टॅब आले, आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनापासून लोकसभेत आपापल्या बाकावर बसून डिजिटल हजेरी लावायची पद्धत आली. ही हजेरी दैनिक भत्त्याशी जोडलेली आहे, भत्ता आता २,५०० रुपये. आला, नोंद झाली, पुढे दिवसभर सभागृहात बसला की नाही हे त्यातून कळत नाही.

उलट बाजूही बघा. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते, त्यात आपल्या सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हेही होते. निलंबित माणसाला सभागृहात जाताच येत नाही, मग त्या अधिवेशनाची हजेरी पडणारच. म्हणून हजेरी अधिवेशनानुसार बघा, सरसकट टक्का बघू नका, आणि एखाद्या अधिवेशनात एकदम खाली गेली असेल तर त्या वेळी काय चाललं होतं ते शोधा, आजारपण असेल, निलंबन असेल, राज्यातल्या निवडणुकीचा प्रचार असेल. प्रचारासाठी दांडी मारली असेल तर तो मात्र विचारण्यासारखा प्रश्न आहे.

मतदान: कुठे सापडतं आणि कुठे सापडतच नाही

लोकांची सगळ्यात मोठी निराशा इथे होते. आपल्याला वाटतं प्रत्येक विधेयकावर प्रत्येक खासदाराचं मत कुठेतरी नोंदलेलं असणार. नसतं. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात, म्हणजे अध्यक्ष विचारतात, बाजूचे एकदा ओरडतात, विरोधातले एकदा, आणि अध्यक्ष ठरवतात की बहुमत कोणाचं. कोण ओरडलं याची नोंद नाही. २० डिसेंबर २०२३ ला लोकसभेत भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीची दोन विधेयकं अशीच आवाजी मतदानाने पास झाली, आणि तेव्हा विरोधकांतले जवळजवळ शंभर जण निलंबित होऊन बाहेर होते. २० ऑगस्ट २०२५ ला ऑनलाईन गेमिंगचं विधेयक गोंधळातच आवाजी मतदानाने गेलं. ज्या कायद्याने आपल्या फोनमधले पैशांचे गेम बंद झाले त्यावर आपल्या खासदाराचं मत कागदावर नाही, हे मला आजही पटत नाही.

नोंद राहते ती मतविभाजन झालं तर. एखाद्या सदस्याने आवाजी निकालाला आव्हान देऊन मागणी केली की घंटा वाजतात, लॉबी रिकाम्या करतात, दारं बंद होतात, आणि बटण दाबून किंवा चिठ्ठीवर मत घेतात. घटनादुरुस्ती असेल तर हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं, त्यामुळे तिथे मोजणी होतेच होते. म्हणून शोधायला सुरुवात घटनादुरुस्तीपासून करा, हमखास सापडतं.

सरावासाठी महिला आरक्षणाचं विधेयक घ्या. २० सप्टेंबर २०२३, लोकसभा, बाजूने ४५४ आणि विरोधात २. ते दोघे कोण, तर असदुद्दीन ओवेसी आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. आता संसद डॉट इनवर लोकसभा, चर्चा, १७ वी लोकसभा, ती तारीख अशी निवड करा, दिवसभराच्या कामकाजाची पीडीएफ उघडा आणि मतविभाजनाचा भाग शोधा. लांबलचक पीडीएफ असते, हाताने स्क्रोल करत बसू नका, फाईलमध्ये इंग्रजीत डिव्हिजन शब्द सर्च करा. तिथे आधी बाजूच्यांची यादी, मग विरोधातल्यांची, आणि असतील तर तटस्थ. एकेक नाव. त्या काळातल्या तुमच्या खासदाराचं नाव शोधा, एकदा सापडलं की पुढच्या वेळी पाच मिनिटांचं काम.

यादी वाचताना तळटीप वाचायला विसरू नका. काही जणांचं बटण चालत नाही, काही जण चुकीचं दाबतात, मग ते चिठ्ठी देऊन मत दुरुस्त करतात आणि ते खाली छोट्या अक्षरात येतं. १७ डिसेंबर २०२४ ला एक देश एक निवडणूक विधेयक मांडायचं की नाही यावर नव्या इमारतीत पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक मतदान झालं, तेव्हा स्क्रीनवर जो आकडा आला आणि चिठ्ठ्या मोजल्यावर जो आकडा झाला त्यात बराच फरक होता. टीव्हीवरच्या पहिल्या स्क्रीनशॉटवरून "आपला खासदार गैरहजर" अशी पोस्ट टाकणाऱ्यांनी त्या दिवशी थोडं थांबायला हवं होतं.

तारखेचा पण एक घोळ असतो. वक्फ दुरुस्ती विधेयकावरची चर्चा २ एप्रिल २०२५ ला सुरू झाली आणि मतदान मध्यरात्रीनंतर, २८८ विरुद्ध २३२. बातमीत ३ एप्रिल असतं, पण बैठक २ तारखेची धरली जाते, तेव्हा कागदही २ तारखेत शोधायचा.

यादीत नावच नसेल तर? तीन शक्यता. त्या दिवशी आलाच नाही, आला पण मतदानाच्या वेळी नव्हता, किंवा पक्षाने सभात्याग केला. तिसरी शक्यता सगळ्यात महत्त्वाची कारण सभात्याग हा ठरवून केलेला निर्णय असतो. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिलं आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानाच्या वेळी बाहेर पडली. त्याच महिन्याच्या आगेमागे महाराष्ट्रात काय घडत होतं ते आठवा म्हणजे मतदानाच्या यादीमागे राजकारण कसं चालतं ते कळेल.

आणि व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाने आपल्या खासदारांना काढलेला आदेश. शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटल्यापासून हा शब्द आपल्याकडे भाजीवाल्यालाही पाठ झालाय. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं, त्यानुसार पक्षाने व्हिप काढला असताना परवानगीशिवाय उलट मत दिलं किंवा मतदानालाच गेलं नाही आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही तर खासदारकी जाऊ शकते. मग खासदार उलट मत देणार कसा? म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की मतदानावरून पक्ष कळतो. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत व्हिप नसतो, पण तिथे मतदान गुप्त असतं, त्यामुळे सप्टेंबर २०२५ ला सी. पी. राधाकृष्णन आपले राज्यपाल असताना उपराष्ट्रपती झाले तेव्हा कोणी कोणाला मत दिलं हे कुठल्याही कागदात मिळणार नाही, आणि कोणी छातीठोक सांगत असेल तर तो अंदाज आहे.

आवाजी मतदानाच्या विधेयकावर खासदाराची बाजू कळायला दोन वाटा उरतात. एक, भाषण, बहुतेक जण पहिल्या दोन-तीन वाक्यांतच समर्थनात उभा आहे की विरोधात ते सांगतात. दोन, दुरुस्त्या. विधेयकाची कलमं एकेक करून घेतात तेव्हा ज्यांनी दुरुस्ती दिली त्यांचं नाव पुकारतात आणि ते मांडतात किंवा मांडत नाहीत. दुरुस्ती जवळजवळ नेहमी फेटाळली जाते पण कोणी कुठलं कलम बदलायला सांगितलं ते कायमचं कागदावर राहतं. ज्याने दुरुस्ती दिली त्याने विधेयक वाचलंय हे नक्की.

भाषण वाचायचं कसं

रीलवर जाऊ नका, रील कापलेलं असतं. संसद टीव्हीच्या यूट्यूब चॅनलवर पूर्ण कामकाज असतं, आणि कागदावर दोन रूपं असतात, त्याच दिवशी किंवा लगेच येणारं असंशोधित आणि नंतर येणारं पक्कं. असंशोधित प्रतीत मधे मधे वेळ छापलेली असते, ती बघून यूट्यूबवर थेट त्या जागी जाता येतं, ही युक्ती फार उपयोगाची आहे.

खासदार मराठीत बोलू शकतात, त्याचा अनुवाद लगेच होतो, आणि कागदावर मात्र बऱ्याचदा इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर मिळतं आणि मूळ मराठीत होतं अशी टीप. तेव्हा मराठी भाषण शब्दशः पाहिजे असेल तर व्हिडिओच बघा. फुल्या दिसल्या तर ते शब्द कामकाजातून काढून टाकलेत किंवा नोंदलेलेच नाहीत, तळटीपेत कारण असतं.

आता बारकावा. "सभागृहाच्या पटलावर ठेवलं" असं लिहिलेलं भाषण म्हणजे खासदार बोललाच नाही, लिहिलेला कागद दिला आणि तो छापला. अर्थसंकल्पाच्या चर्चेत हे सर्रास होतं, नियम ३७७ (खासदाराने आपल्या भागाचा एखादा विषय मांडायचा नियम) खालच्या विषयांतही होतं, वेळ नसतो म्हणून, त्यात गैर काही नाही, पण संसदेत गाजलं म्हणून सांगितलेलं भाषण प्रत्यक्षात पटलावर ठेवलेलं निघालं तर ते तुम्हाला माहीत असावं.

भाषण छोटं असेल तर लगेच नावं ठेवू नका. चर्चेचा वेळ पक्षाच्या संख्येप्रमाणे वाटला जातो, छोट्या पक्षाला मिळतात चार-पाच मिनिटं आणि त्यातही ज्येष्ठ नेता बोलतो. खासदाराला स्वतःच्या हिमतीवर बोलता येतं ते शून्य प्रहरात, म्हणजे प्रश्नोत्तरांनंतर तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, लोकसभेत दुपारी बाराच्या सुमाराला, आणि नियम ३७७ मध्ये. मतदारसंघाचे विषय याच दोन ठिकाणी सापडतात, मोठ्या चर्चांत कमी. राज्यसभेत ३७७ सारखाच विशेष उल्लेख असतो.

प्रश्न: खरी खाण इथे आहे

लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ ला, राज्यसभेत दुपारी १२ ला. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न, त्यांचं उत्तर मंत्री तोंडी देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, आणि २३० अतारांकित, त्यांचं लेखी उत्तर. प्रश्नाची नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि कुठला प्रश्न लागणार हे सोडतीने ठरतं. त्यामुळे तारांकित प्रश्न किती लागले हा नशिबाचा भाग आहे, त्यावरून कोणाला हुशार ठरवू नका. मात्र तारांकित लागला, पुकारा झाला, आणि खासदार जागेवर नव्हता, तर ते कागदावर दिसतं आणि ते वाईट आहे. तसंच हजर असेल तर पुरवणी प्रश्न काय विचारला ते वाचा, मंत्र्याच्या उत्तरातली फट पकडली का पक्षाचं भाषण केलं, खासदाराचा अभ्यास इतका उघड दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

गोंधळात कामकाज बंद पडलं तरी लेखी उत्तरं पटलावर येतातच. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभा ठरलेल्या वेळेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही चालली नाही, तरी त्या महिन्याभरातली लेखी उत्तरं साईटवर आहेत. "संसद चालूच देत नाहीत तर काय करणार" हे कारण प्रश्नांच्या बाबतीत पुरतं नाही.

मुंबईकराने शोधायचं काय? इथे आपली गल्लत होते, आपण खासदाराला खड्डा विचारतो. खड्डा, कचरा, नाला हे महापालिकेचं, म्हाडा आणि एसआरए राज्याचं. पण मुंबईत केंद्राच्या हातातल्या गोष्टी मोजल्या तर थक्क व्हायला होतं. लोकल तर आहेच, एमयूटीपीचे (लोकलचं जाळं वाढवायच्या योजनेचे) प्रकल्प, एसी लोकल, फलाटांची उंची. रेल्वेच्या जागेवरच्या झोपड्या. पूर्व किनाऱ्यावरची पोर्ट ट्रस्टची जमीन आणि तिथले भाडेकरू. मुलुंड, भांडुप, वडाळ्याकडची मिठागरं. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या चाळी, ज्यांची फाईल वस्त्रोद्योग मंत्रालयात अडकते. विमानतळाच्या जागेवरच्या वस्त्या आणि फनेल झोनमुळे (विमानं उतरायच्या मार्गाखाली इमारतीच्या उंचीवर बंधन असतं) पुनर्विकास रखडलेल्या पार्ले-सांताक्रूझच्या इमारती. कांदिवली-मालाडला लष्करी डेपोच्या भोवतीच्या बांधकामावरची बंधनं. सीआरझेड, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. कामगार विम्याची हॉस्पिटलं. हे सगळे विषय असे आहेत की नगरसेवक आणि आमदार कितीही धावले तरी उत्तर दिल्लीतूनच येणार, म्हणजे इथे खासदार गप्प बसला तर आपल्या वतीने विचारणारं दुसरं कोणी नाही.

यातले तुमच्या घराशी संबंधित दोन किंवा तीन विषय निवडा, जास्त नको. संसद डॉट इनवर प्रश्नांच्या सर्चमध्ये खासदाराचं नाव आणि मंत्रालय दोन्ही निवडता येतात. विषयाचे शब्द इंग्रजी स्पेलिंगने आणि दोन-तीन तऱ्हेने टाकून बघा, मुंबई सबर्बन, सबर्बन ट्रेन, सॉल्ट पॅन, कारण शीर्षक मंत्रालयाच्या भाषेत असतं, आपल्या भाषेत नाही. एक सराव करून बघा: ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवासी गेले, आणि पावसाळी अधिवेशन २१ जुलैला सुरू झालं. मध्ये सहा आठवडे होते, नोटीस द्यायला भरपूर. त्या अधिवेशनात रेल्वे मंत्रालयाला उपनगरी गाड्यांबद्दल मुंबई-ठाण्याच्या कोणत्या खासदाराने काय विचारलं ते शोधा. कोणाचा स्वभाव कसा ते एका संध्याकाळी कळतं.

उत्तराचा कागद उघडला की वर प्रश्न क्रमांक, तारीख, विचारणाऱ्यांची नावं. नावं मोजा. एकाच प्रश्नावर कधी चार-पाच जणांची नावं असतात, सारखे प्रश्न एकत्र केलेले असतात, आणि आकड्यात मात्र तो प्रत्येकाच्या खात्यात एकेक मोजला जातो. मग खाली "क्या रेल मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि" आणि (क), (ख), (ग), (घ) असे भाग. मी काय करते, प्रश्नाचे चारही भाग एका कागदावर लिहून घेते आणि उत्तरात प्रत्येक भागाला खरंच उत्तर आहे का ते खूण करत जाते, कारण मंत्रालयं "(क) ते (घ)" एकत्र करून दोन पानं लिहितात, त्यात देशभरात किती किलोमीटर रूळ टाकले ते असतं आणि तुम्ही विचारलेली तारीख नसते. प्रश्न कसा विचारलाय तेही बघा. "सरकारला माहीत आहे का की मुंबईत गर्दी आहे" या प्रश्नाचं उत्तर हो असं येणार, त्यातून हाती काय लागणार? "अमुक प्रकल्पाला मंजूर निधी किती, खर्च किती झाला, पूर्ण व्हायची तारीख काय" असं विचारलं की मंत्रालयाला आकडा द्यावाच लागतो. असे प्रश्न विचारणारा खासदार आकड्यात मागे असला तरी माझ्या लेखी तो पुढे आहे.

आणि उत्तरात "विचाराधीन आहे", "माहिती गोळा करत आहोत" असं काही सापडलं तर तो शब्द सोडू नका. असं वाक्य बऱ्याचदा सरकारी आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि त्यावर लक्ष ठेवायला संसदेची आश्वासन समिती आहे. सहा महिन्यांनी त्याच खासदाराने त्याच विषयावर पुन्हा विचारलं का हे बघा. पाठपुरावा करणारे फार थोडे असतात, आणि जे करतात त्यांचं नाव आपण घ्यायला पाहिजे, पक्ष न बघता.

समित्या

संसदेत कॅमेरा नसतो तिथेही काम होतं. खात्यांशी जोडलेल्या २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ खासदार, बैठका बंद दाराआड. पण समितीचा अहवाल आला की त्याच्या शेवटी बैठकांचं इतिवृत्त जोडलेलं असतं आणि त्यात कोण हजर होतं त्यांची नावं. अहवालाचं शेवटचं पान सहसा कोणी उघडत नाही, तुम्ही उघडा. असहमतीची टिपणं असतील तर तीही तिथेच, वक्फ विधेयकाच्या संयुक्त समितीत दक्षिण मुंबईचे अरविंद सावंत होते, विरोधी सदस्यांची असहमती त्या अहवालासोबत वाचायला मिळते. व्हिपच्या बाहेर खासदाराचं डोकं कसं चालतं ते अशा कागदात दिसतं.

खासगी विधेयकं शुक्रवारी दुपारी येतात. पास व्हायची अपेक्षा ठेवू नका, शेवटचं खासगी विधेयक दोन्ही सभागृहांतून पास झालं ते १९७० साली. तरी काय मांडलं ते वाचा, विषय कळतो. खासदार निधी, वर्षाला ५ कोटी, हा वेगळा हिशेब आहे, तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खर्च होतो आणि त्याचा संसदेतल्या कामाशी संबंध नाही, तेव्हा बाकडी आणि समाजमंदिरं या यादीत मिसळू नका.

नोंद कशी ठेवायची

साधी शीट पुरते. तारीख, काय (मतविभाजन, भाषण, शून्य प्रहर, ३७७, तारांकित, अतारांकित, समिती), विषय, खासदाराची बाजू किंवा प्रश्न एका ओळीत, उत्तर मिळालं का, आणि मूळ कागदाची लिंक. मतदानाच्या ओळीत पक्षाची भूमिका वेगळ्या रकान्यात लिहा आणि मतविभाजन झालं की आवाजी तेही लिहा, नाहीतर वर्षभराने आपल्यालाच आठवत नाही. लिंकबरोबर पीडीएफ ड्राईव्हवर ठेवा.

रोज बघायची गरज नाही. अधिवेशनं वर्षातून तीन, अर्थसंकल्पी जानेवारीअखेर ते एप्रिल, पावसाळी, आणि हिवाळी. अधिवेशन चालू असताना आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची कामकाज सूची साईटवर येते, ती चाळा, तुमच्या विषयाचं काही असेल तरच दुसऱ्या दिवशी बघा. बाकी शनिवारी बसून आठवड्याचे प्रश्न उतरवले की झालं. चाळीत किंवा सोसायटीत चार जण असतील तर विषय वाटून घ्या, एकाने रेल्वे, एकाने जमिनी.

तुलना करताना मुंबईच्या खासदाराची मुंबईच्याच दुसऱ्या, मंत्री नसलेल्या खासदाराशी करा. पहिल्यांदा निवडून आलेल्याची पाचव्यांदा आलेल्याशी नको. आणि अर्ध्या टर्ममध्ये आलेल्याचे आकडे पूर्ण टर्मवाल्याशी लावू नका.

आणि मग खासदाराला लिहा

हा सगळा खटाटोप त्यासाठीच. "तुम्ही काही करत नाही" अशा मेलला उत्तर येत नाही. "अमुक तारखेच्या अतारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात भाग (ग) ला मंत्रालयाने तारीख दिलेली नाही, येत्या अधिवेशनात एवढं एकच विचाराल का" अशा मेलला येण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, कारण तुम्ही ऑफिसातल्या माणसाचं निम्मं काम करून दिलेलं असतं. प्रश्न तुम्हीच चार भागांत लिहून द्या, प्रत्येक भागात एकच गोष्ट, आकडा किंवा तारीख मागणारी. पत्ता आणि मेल खासदाराच्या पानावर असतो. वेळ सांभाळा, नोटीस १५ दिवस आधीची असते, म्हणजे अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात मेल गेला पाहिजे, अधिवेशन सुरू झाल्यावर पाठवलात तर सुरुवातीच्या आठवड्यांतले रेल्वे खात्याने उत्तरं द्यायचे दिवस निघून गेलेले असतात. एकाच इमारतीतल्या दहा जणांनी एकच मजकूर पाठवण्यापेक्षा रहिवासी संघाच्या लेटरहेडवर एक पत्र आणि सोबत त्या उत्तराची प्रिंट, मतदारसंघातल्या ऑफिसात हातोहात देऊन पोच घ्या.